देवमाशाचे जंत आणि हेरिंगचा कायदा

देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या पोटातील जंतांचा इतिहास हा विषय वसंतातल्या व्याख्यानमालेत मांडावयाचा, आणि तोही कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने, हे ऐकून मालेच्या चिटणीसांनी प्रथम चष्मा काढून पुसला. मग त्यांनी नम्रपणे विचारले, की किमान वेतनावर काही बोलता येणार नाही काय? किमान वेतनावर आम्ही वर्षभर बोलतच असतो. त्याकरिता वसंत ऋतूची वाट पाहावी लागत नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावरच अधिक झाले, आणि त्या बाकाचा एक फायदा असा की कोणते पुस्तक तुमच्या अभ्यासक्रमात बसते हे सांगावयास तेथे कोणी नसते. असेच वाचता वाचता या जंतांची आणि आमची गाठ पडली. पुढे पुढे तर आमच्या असे ध्यानात येऊ लागले, की हा इतिहास प्रयोगशाळेतल्या विद्वानांचा म्हणून सांगितला जात असला तरी त्याचे जवळजवळ प्रत्येक पान कोणा ना कोणा मजुराच्या सुरीने उघडलेले आहे. त्यात एक कायदाही आहे. तो कायदा का करावा लागला, हे सांगणे हाच आजचा मुख्य हेतू.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावू. ‘परोपजीवी’ हा शब्द आमच्या सभांतून पुष्कळदा ऐकू येतो आणि तो कोणाला उद्देशून असतो हे श्रोत्यांना सांगावयास नको. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या पंगतीला बसून जेवणारा’ असा आहे; शास्त्रज्ञांनी तो उचलला तेव्हा त्यातली शिवी काढून टाकली. मालकवर्गाशी तुलना करण्याचा मोह आम्ही येथे आवरतो. एक तर ती तुलना वापरून वापरून झिजली आहे, आणि दुसरे असे की ती जंतावर अन्याय करील. घर पडावे अशी जंताची कधीच इच्छा नसते. यजमान मेला की पाहुणाही मेला, हा त्याच्या संसाराचा पहिला नियम होय.

देवमासा हा मासा नव्हे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि त्याचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरून पाण्यात उतरले. एवढ्या मोठ्या देहात बिऱ्हाडकरूंची वाण असणे शक्यच नव्हते. कातडीवर उवा, जठरात जंत, आतड्यात पट्टकृमी, मूत्रपिंडात आणि कवटीच्या पोकळ्यांत आणखी वेगळे कृमी, अशी ती चाळ भरलेली आहे.

त्यांपैकी उवा माणसाला सर्वांत आधी दिसल्या, कारण त्या बाहेर राहतात. १६७१ साली हॅम्बुर्ग येथील फ्रीडरिश मार्टेन्स नावाचा एक न्हावी-शल्यवैद्य देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाबरोबर स्पिट्सबर्गेनला गेला. त्या काळी जहाजावरचा न्हावीच दाढी करी, दात उपटी आणि मोडलेले हाडही बांधी. या गृहस्थाने आपला प्रवासवृत्तान्त १६७५ साली छापला आणि त्यात देवमाशाच्या उवेचे वर्णन दिले, चित्रही दिले. ही ऊ आपल्या डोक्यातल्या उवेच्या कुळातली नाही, ती कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातली आहे. तिचे पाय आकड्यासारखे असतात आणि त्यांनी ती कातडीत रुतून बसते. लिनिअसने १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले. म्हणजे नाव मिळावयाच्या आधी त्र्याऐंशी वर्षे तिचे चित्र छापले गेले होते, आणि ते काढणारा माणूस कोणत्याही विद्यापीठाचा नव्हता. खलाशी तर तिला त्याहूनही आधीपासून ओळखत असले पाहिजेत. चरबी सोलताना हाताला लागणारी वस्तू ओळखावयास लॅटिन लागत नाही.

पोटातल्या जंतांची नोंद पुढे कार्ल आस्मुंड रुडोल्फी याने केली. हा जन्माने स्टॉकहोमचा, नोकरीने जर्मन विद्यापीठांतला. जंतांच्या शास्त्राचा तो जनक मानला जातो. पॉर्पॉइज या लहान चणीच्या, डॉल्फिनसारख्या प्राण्यात सापडलेल्या एका जंताचे वर्णन त्याने १८०९ साली प्रसिद्ध केले. तोच आपल्या आजच्या गोष्टीचा नायक, किंवा खलनायक. गंमत अशी की ज्याने शेकडो जंतांना नावे दिली तो रुडोल्फी, जंत हे शरीरात आपोआप उत्पन्न होतात असेच मानीत होता. ते बाहेरून येतात, एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात, ही कल्पना त्याच्या पिढीला पटलेली नव्हती.

या जंताच्या गटाला ‘ॲनिसाकिस’ हे नाव १८४५ साली फ्रान्समधील फेलिक्स द्युजार्दँ याने दिले. त्याचा अर्थ ‘असमान काटे असलेला’. नराच्या शेपटीशी दोन काटे असतात व ते कमीजास्त लांबीचे असतात, यावरून. या द्युजार्दँबद्दल दोन शब्द अधिक बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. तो तूर गावच्या घड्याळजीचा मुलगा. नामांकित तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, काही काळ चित्रकला शिकला, आणि पुढचे बहुतेक शास्त्र त्याने स्वतःच वाचून मिळविले. वाचनालयाच्या बाकावर बसणाऱ्यांनी त्याचे नाव ध्यानात ठेवावे एवढेच आम्ही म्हणतो.

यानंतर शंभर वर्षे या जंताकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. देवमाशाच्या जठरात वीतभर लांबीचे पांढरे जंत घोळक्याने डोके रुतवून बसतात, तेथे खोलगट जखमा पडतात, हे ठाऊक होते. पण देवमाशाच्या पोटदुखीची चिंता कोणाला असणार? लोकांना देवमाशाची चरबी हवी होती. तिच्यापासून दिव्याचे तेल, पुढे साबण, आणि विसाव्या शतकात मार्गारीन झाले.

आणि तरीही त्याच चरबीच्या धंद्याने हे ज्ञान वाढविले, ही गोष्ट इतिहासाच्या तिरकस चालीला शोभेशी आहे. कार्ल अँटोन लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानाने १९०४ साली दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रीटव्हिकेन हे ठाणे उभारले. अंटार्क्टिकच्या दारातल्या त्या बेटावर धक्क्यावर देवमासा ओढून घेत, आणि लांब दांड्याच्या, वाकड्या पात्याच्या सुऱ्या घेतलेले मजूर, बुटांना खिळे ठोकून, रक्ताने निसरड्या झालेल्या फळ्यांवर उभे राहून त्याची चरबी पट्ट्यांनी सोलीत. हा धंदा केवढ्या प्रमाणावर चालला होता याची कल्पना एका आकड्यावरून येईल. १९३०-३१ च्या एकाच मोसमात अंटार्क्टिक समुद्रात एकोणतीस हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. तेव्हा ब्रिटिश सरकारने देवमाशाच्या तेलावर कर बसवून त्या पैशातून संशोधन चालू केले होते. एन. ए. मॅकिन्टॉश आणि जे. एफ. जी. व्हीलर या दोघांनी ग्रीटव्हिकेन आणि दक्षिण आफ्रिकेतील साल्डान्हा उपसागर येथे मिळून १,६८३ देवमासे तपासले आणि १९२९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालात अंगावरच्या आणि आतल्या परोपजीवींचीही नोंद आहे. हे दोघे वही घेऊन उभे असत. पोट फाडीत होते ते दुसरेच. त्या दुसऱ्यांची नावे अहवालाच्या मुखपृष्ठावर असतील अशी अपेक्षा आम्ही केली नव्हती.

असाच प्रकार पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला झाला. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कुरील बेटांजवळ पकडलेल्या स्पर्म देवमाशांची तपासणी केली, तेव्हा एका मादीच्या वारेत त्यांना जो सूत्रकृमी मिळाला त्याची लांबी ८.४ मीटर होती. गुबानोव्ह याने १९५१ साली त्याचे वर्णन केले. गोल जंतांत याहून लांब जंत माणसाला माहीत नाही. आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तरी तो बाहेर डोकावेल. सिम्फेरोपोलच्या डेल्यामूरे याने १९५५ साली समुद्रातल्या सस्तन प्राण्यांच्या जंतांवर एक मोठा ग्रंथच लिहिला. पुढे आइसलंडमधील देवमाशांच्या ठाण्यावर लॅम्बर्टसेन या संशोधकाने फिन देवमाशांची मूत्रपिंडे उघडून पाहिली तेव्हा शंभरात सुमारे पंच्याण्णवांत एक जाड, लांब कृमी रक्तवाहिन्या अडवून बसलेला आढळला. हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. देवमाशाला मारावयास माणसाखेरीज दुसराही कोणी आहे, ही जाणीव अशी उशिरा आली, आणि तीही आली मारलेल्या देवमाशांच्याच देहातून.

असो. आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती नेदरलंड्समध्ये घडली.

हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला, वीतभर लांबीचा, चकचकीत, तेलकट मासा. हॉलंडचे वैभव हेरिंगच्या काट्यांवर उभे आहे अशी तिकडची म्हण आहे, आणि ती फारशी खोटी नाही. चौदाव्या शतकात बिएर्व्हलीट गावच्या व्हिलेम ब्यूकेल्सझोन या कोळ्याने हेरिंग टिकविण्याची युक्ती काढली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणण्याचे कारण, एका माणसाच्या नावावर जमा झालेली अशी युक्ती बहुधा पुष्कळ हातांनी मिळून काढलेली असते. युक्ती अशी : मासा जाळ्यातून वर येताच आखूड सुरीने कल्ल्याजवळ एक छेद द्यावयाचा, आणि एकाच हिसक्यात कल्ले व आतडी बाहेर काढावयाची. स्वादुपिंड मात्र आतच राहू द्यावयाचे, कारण त्यातल्या रसाने मासा मुरतो आणि मऊ होतो. मग मीठ लावून पिंपात थर द्यावयाचे. हे सारे समुद्रावर, हलत्या जहाजावर, मासा मरतो न मरतो तोच व्हावयाचे. हे काम करणारे हात इतके चपळ असत की पाहणाऱ्याला सुरी दिसत नसे. डच माणूस हा हेरिंग शिजवीत नाही. कमी मीठ लावलेला ‘हिरवा’ हेरिंग शेपटीला धरून, मान मागे टाकून, तसाच खातो. शतकानुशतके तो असाच खात आला आणि त्याच्या पोटाला काही झाले नाही.

१९५५ च्या सुमारास रॉटरडॅमकडच्या डॉक्टरांपुढे एक चमत्कारिक दुखणे येऊ लागले. धडधाकट माणसाच्या पोटात एकाएकी भयंकर कळा येत. अपेंडिक्स म्हणून, आतड्याला पीळ पडला म्हणून, कधी गाठ आहे म्हणून पोट उघडावे, तो आतड्याचा एक तुकडा सुजून लाल झालेला, आणि त्या सुजेच्या मध्यभागी घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळी घालून बसलेली दोन-तीन सेंटिमीटरची एक अळी. रोगी सारे हलक्या मिठाचा हेरिंग खाल्लेले. लायडन येथील कृमिशास्त्रज्ञ पी. एच. व्हॅन थील आणि त्याचे सहकारी कायपर्स व रोस्कम यांनी १९६० साली या रोगावरचा निबंध प्रसिद्ध केला. अळी कोणत्या जंताची हे ओळखताना मात्र ते चुकले. शार्क माशात राहणाऱ्या एका जंताची ती पिल्ले असावीत असे त्यांना वाटले. दोन वर्षांनी, १९६२ साली, व्हॅन थीलने ती चूक स्वतःच दुरुस्त केली. हा शार्कचा जंत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी रुडोल्फीने पॉर्पॉइजमध्ये पाहिलेला तोच, देवमाशाचा आणि डॉल्फिनचा ॲनिसाकिस होता.

देवमाशाच्या पोटातला जंत रॉटरडॅमच्या माणसाच्या पोटात कसा आला, याची साखळी पुढच्या काही वर्षांत जुळत गेली. जंताची अंडी देवमाशाच्या विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी क्रिल नावाचा कोळंबीसारखा बारीक जीव गिळतो. उत्तर समुद्राच्या क्रिलमध्ये ती असल्याचे ॲबर्डीनच्या जे. डब्ल्यू. स्मिथ याने १९७१ साली दाखविले. क्रिलला हेरिंग खातो, बांगडा खातो, माकूळ खाते. त्यांच्या पोटात अळी मोठी होत नाही, नुसती वेटोळे घालून वाट पाहत बसते. लहान माशाला मोठ्याने खाल्ले तर ती बिऱ्हाड बदलते आणि पुन्हा वाट पाहते. शेवटी देवमासा किंवा डॉल्फिन तो मासा गिळतो, तेव्हा तिला हवे असलेले ऊबदार जठर मिळते आणि ती वयात येते. माणसाचे जठरही उबदारच असते. अळी फसते. ती आपली नेहमीची पद्धत म्हणून भिंतीत डोके घुसविते, पण येथे तिला वाढता येत नाही. काही दिवसांत ती मरते. मरेपर्यंत तिने ज्याच्या पोटात हा उद्योग केला त्याचे हाल मात्र विचारू नयेत. म्हणजे हा रोग हा दोघांचाही अपघात आहे.

पण खरा प्रश्न याच्या पुढचा होता, आणि तो विचारल्याबद्दल आम्हांस त्या डच मंडळींचे फार कौतुक वाटते. देवमासे नवे नव्हते. हेरिंग नवा नव्हता. कच्चा खाण्याची रीतही नवी नव्हती. मग रोग आताच का?

उत्तर सुरीच्या जागेत सापडले. शतकानुशतके मासा पकडल्याबरोबर जहाजावरच साफ होत असे. अळ्या असतात त्या आतड्यांच्या आसपास. आतड्यांबरोबर त्या समुद्रात जात. युद्धानंतरच्या वर्षांत धंद्याची घडी बदलली. मासा न कापताच बर्फात घालून बंदरात आणण्याची आणि तेथे, काही तासांनी किंवा रात्र उलटल्यावर, साफ करण्याची पद्धत पडू लागली. इकडे मासा मेला, की अळीला काहीतरी बिनसले आहे हे कळते. ती आतड्यांजवळून निघून मांसात शिरते. स्मिथ आणि वूटन या दोघांनी १९७५ साली हेरिंगवरच प्रयोग करून हे स्थलांतर तपासले. म्हणजे बंदरावर मासा साफ करणाऱ्याने आपले काम कितीही चोख केले तरी तोवर अळी त्याच्या सुरीच्या टप्प्याबाहेर गेलेली असे. मीठही हलके, तिला मारण्यास अपुरे.

आता यात एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. सर्वच माशांत अळी मरणानंतरच मांसात जाते असे नाही. काही जातींत ती जिवंतपणीच मांसात असते, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून जहाजावरची सुरी परत आणली की रोग गेला, असे सोपे सूत्र आम्ही मांडीत नाही. परंतु कामाची जागा आणि कामाची वेळ बदलली की धोक्याचे रूपही बदलते, हे ज्याने कारखान्याच्या अपघातांची नोंदवही चाळली आहे त्याला या गोष्टीत लगेच ओळखू येईल. आमच्या अनुभवात, खात्यात नवी पद्धत आणताना उत्पादन किती वाढेल याचा हिशोब दहा कागदांवर मांडलेला असतो; जुन्या पद्धतीत नकळत कोणते संरक्षण होते, याला अकरावा कागद मात्र कधीच मिळत नाही. जहाजावर हेरिंग साफ करणाऱ्या माणसाला तरी आपण जंत फेकून देतो हे कोठे ठाऊक होते? तो मासा मुरावा म्हणून कापीत होता. त्याच्या कसबात आरोग्यखात्याचे एक अख्खे कलम दडलेले होते, आणि ते कलम आहे हे कळले ते कसब बंद झाल्यावर.

शंभराहून अधिक रोगी झाल्यावर १९६८ साली नेदरलंड्सने कायदा केला. त्याने हेरिंग कच्चा खाण्यास बंदी घातली नाही. तशी बंदी घातली असती तर सरकार पडले असते. त्याने एवढेच सांगितले, की कच्चा किंवा हलक्या मिठाचा विकावयाचा हेरिंग आधी उणे वीस अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून चोवीस तास तसाच ठेवला पाहिजे. त्या थंडीत अळी मरते. रोग्यांची संख्या झपाट्याने खाली आली आणि देशातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. हाच नियम पुढे, २००४ च्या युरोपीय विनियमात, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या माशांसाठी बहुतेक युरोपभर लागू झाला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की खाणाऱ्याला दोष देणे फार सोपे होते. ‘कच्चा मासा खाऊ नका, खाल्लात तर भोगा’ असे एक पत्रक काढून मोकळे होता आले असते. अशी पत्रके आपण सर्वांनी पाहिली आहेत. धूळ कामगाराने नाकावर रुमाल बांधून टाळावयाची असते, आणि यंत्राला मात्र रुमाल कोणी बांधत नाही. डच कायद्याने जबाबदारी विक्रेत्याच्या साखळीवर टाकली. खर्च शीतगृहाचा होता, आणि तो धंद्याने सोसला.

जपानात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तेथे १९६० च्या दशकात हा रोग ओळखला गेला. तेथला ताजा कच्चा मासा हा पाककलेचा आत्मा. गोठविलेला मासा खवैय्यांना रुचत नाही. तेथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी तोंडावाटे जठरात घालून अळी चिमट्याने उपटून काढण्याची कला इतकी साधली, की शस्त्रक्रियेची गरज बहुतांशी संपली. जगातले या रोगाचे बहुसंख्य रोगी आजही जपानातलेच असतात. एका देशाने मासा गोठविला, दुसऱ्याने चिमटा सुधारला. दोहोंपैकी कोणते शहाणपण अधिक, याविषयी आमचे मत श्रोत्यांनी एव्हाना ओळखले असेलच.

आपल्या कोकणात हा प्रश्न उभा राहिला नाही याचे श्रेय आपल्या स्वयंपाकघराला द्यावे लागेल. साठ अंशांच्या उष्णतेत ही अळी मिनिटभरात मरते. रटरटणाऱ्या कालवणाचे तर बोलावयासच नको. बांगडा कच्चा खावा असे मालवणात कोणाच्या स्वप्नातही येत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतून आता जपानी पद्धतीचा कच्चा मासा मिळू लागला आहे. तेथे जाणाऱ्यांनी मासा गोठविलेला होता काय, एवढे विचारावे. आम्ही तेथे जात नसल्यामुळे उत्तर काय मिळते ते सांगू शकत नाही.

मात्र शिजविल्याने किंवा गोठविल्याने खाणाऱ्याचे काम भागले, तरी मासा हाताळणाऱ्याचे भागत नाही. अळी मेली तरी तिच्या देहातली काही द्रव्ये शिल्लक राहतात आणि काही माणसांच्या शरीराला ती सोसत नाहीत : अंगावर पित्त उठते, दमा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातील मासे-प्रक्रियेच्या दोन कारखान्यांत ५७८ कामगारांची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. माशाची वावडी निर्माण झालेले कामगार शंभरात सहा होते, आणि ॲनिसाकिसची वावडी असलेले शंभरात आठ. म्हणजे ज्यांना ‘माशाचा त्रास होतो’ असे इतके दिवस म्हटले जात होते त्यांतल्या कित्येकांना मासा छळीतच नव्हता. मॅकिन्टॉश आणि व्हीलर यांनी साल्डान्हा उपसागरात देवमासे तपासले तोही याच प्रांताचा किनारा. त्यांच्या वहीतला जंत ऐंशी वर्षांनी कामगाराच्या छातीत घरघर करीत होता.

या जंताचे पुढे काय होणार? वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी जगभरचे जुने-नवे अभ्यास एकत्र करून २०२० साली एक निष्कर्ष काढला. १९७८ ते २०१५ या काळात माशांतील ॲनिसाकिसचे प्रमाण २८३ पटींनी वाढले आहे. हा आकडा आम्ही दोनदा वाचला. कारणांविषयी त्यांनी हात राखून लिहिले आहे. समुद्राचे वाढते तापमान, वाहून येणारी खते अशी काही कारणे त्यांनी सुचविली. त्यांतले एक कारण विचार करावयास लावणारे आहे. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला, १९८६ पासून तो अमलात आला, आणि त्यानंतर देवमाशांच्या काही जाती पुन्हा वाढू लागल्या. जंताला त्याचे घर परत मिळाले. म्हणजे देवमासा वाचवावा असे ज्यांना वाटते, त्यांत आम्हीही आहोत, त्यांनी शीतगृहाची आणि कारखान्यातल्या हवा खेळविणाऱ्या पंख्याची तरतूदही मागितली पाहिजे. तो खर्च मासे सोलणाऱ्या बाईने आपल्या छातीने भरावा अशी व्यवस्था आम्हांस मान्य होण्यासारखी नाही.

डॉल्फिनच्या बाबतीत एकच सांगतो. पूर्व पॅसिफिकमध्ये ट्यूनाच्या जाळ्यात सापडून मेलेल्या ठिपक्यांच्या डॉल्फिनच्या कवट्या पेरिन आणि पॉवर्स यांनी तपासल्या. कवटीतल्या पोकळ्यांत राहणारा एक कृमी हाडे कुरतडतो. नैसर्गिक मृत्यूंपैकी अकरा ते चौदा टक्के त्याच्यामुळे होत असावेत असा अंदाज त्यांनी १९८० साली दिला. याही अभ्यासाचा माल जाळ्यानेच पुरविला होता.

शेवटी मार्टेन्सच्या उवेकडे परत जाऊ, कारण तिने अलीकडे मोठी साक्ष दिली आहे. राइट देवमासा हा संथ पोहणारा, मेल्यावर तरंगणारा, म्हणून शिकाऱ्यांच्या दृष्टीने ‘योग्य’ देवमासा. त्याचे हे नावच त्याचा मृत्युलेख आहे. त्याच्या डोक्यावर खरबरीत गाठी असतात आणि उवांच्या दाटीमुळे त्या पांढऱ्या दिसतात. ही ऊ पोहू शकत नाही. एका देवमाशाचे अंग दुसऱ्याला लागेल तेव्हाच ती पलीकडे जाते, विशेषतः आईकडून पिलाकडे. त्यामुळे उवांच्या वंशावळीत देवमाशांची वंशावळ लिहिली जाते. २००५ साली संशोधकांनी ती वाचली. उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक आणि दक्षिण समुद्र येथले राइट देवमासे पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले, असे उवांवरून निघाले. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा निदान एक देवमासा विषुववृत्त ओलांडून उत्तर पॅसिफिकमध्ये गेला होता, हेही एका जातीच्या उवेने सांगितले. आणि शिकार सुरू होण्यापूर्वी या देवमाशांची संख्या लाखो वर्षे मोठीच होती, हे उवांतल्या विविधतेवरून दिसले.

आज उत्तर अटलांटिकमध्ये हा देवमासा चारशेहून कमी उरला आहे. आता त्याला भाला मारीत नाहीत; जहाजांची धडक आणि शेवंड-खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे दोर त्याला मारतात. अमेरिकेच्या मेन राज्यातील शेवंड पकडणाऱ्यांची २०१३ पासून संघटना आहे. काही महिन्यांपुरता समुद्राचा एक भाग दोरांना बंद करण्याचा हुकूम २०२१ साली निघाला, तेव्हा ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. प्रथम तिला मनाई हुकूम मिळाला, पण वरच्या न्यायालयाने तो उठविला. आम्ही त्या कज्जाची कागदपत्रे मिळतील तेवढी वाचली. बाजू घेणे आमच्या धंद्यात रोजचेच आहे, तरी येथे पेन्सिल पुष्कळ वेळ हातातच राहिली. दोर सोडून दुसऱ्या साधनाने पिंजरा वर काढता येतो, पण त्याचे पैसे कोणी द्यावयाचे हे ठरलेले नाही.

त्या किनाऱ्यावरून देवमाशांचे फोटो घेणारे लोक आणखी एक नोंद करतात. दोराने जखमी झालेला किंवा खंगलेला देवमासा मंद पोहू लागतो, आणि एरवी पाण्याच्या प्रवाहाने ज्या जागी टिकता येत नाही तेथे नारिंगी रंगाच्या उवा चढतात. फवारा उडविण्याच्या छिद्राभोवती असा नारिंगी पट्टा दिसला, की वहीत त्या देवमाशाच्या क्रमांकापुढे प्रकृती बिघडल्याची खूण करतात.